शेवंताबाईची पितळी वाटी

शेवंताबाईने मला आयुष्यात दोनदा हात लावला, आणि दोन्ही वेळा आधी विचारून. दुसऱ्या कोणाबद्दल मला असं सांगता येणार नाही. आई, सासू, नवरा, बाळंतपणाच्या वेळच्या बाया, एसटीतले लोक, सगळ्यांनी न विचारताच लावला. त्याचं मला वाईट वाटलं असंही नाही. मला त्या काळात फारसं काही वाटतच नसे. सकाळी बल्लारपूरहून पॅसेंजर पकडायची, चंद्रपूरला उतरायचं, दिवसभर काम करायचं, संध्याकाळी परत जायचं. नवऱ्याची कागद कारखान्यात पाळी असे. कधी तो झोपलेला, कधी मी झोपलेली. संसार चालला होता.

नव्वदनंतरची ती वर्षं. चंद्रपुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत डॉक्टरबाईंचा बायकांचा दवाखाना होता आणि मी तिथे नर्स होते. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे वेगळ्या बायका येत. वेगळ्या म्हणजे दिसायला वेगळ्या नव्हेत. कंबर दुखते, अंगावरून जातं, डोकं जड होतं, अशाच तक्रारी सांगायच्या. डॉक्टरबाई तपासायच्या, काही सापडायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाई खाली बघून खरं सांगायची, "ते जवळ आले का अंग दगड होते, बाई."

त्या दगडाला डॉक्टरबाईंकडे गोळी नव्हती. त्यांच्याकडे शेवंताबाई होती.

ती मूळची धानोऱ्याकडची. गावात बाळंतिणींना तेल लावायची. नवरा लवकर गेला, एक मुलगा वाढवला, थोडी शेती, बाकी मोहफुलं आणि तेंदूपानावर भागवलं. डॉक्टरबाईंना ती कुठल्याशा शिबिरात भेटली. शिबिरात बायका तपासणीच्या टेबलावर चढायला तयार नव्हत्या आणि ही एक ठेंगणी बाई प्रत्येकीच्या पायाशी बसून काहीतरी विचारत होती. त्यानंतर बाई आपोआप चढत होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय सांगता तुम्ही त्यांना? शेवंताबाई म्हणाली, "सांगत काई नाई. इचारतो, पायाले हात लावू का म्हून." आमच्याकडे बायकाही 'जातो, येतो' असंच बोलतात. डॉक्टरबाई पुण्याच्या, त्यांना ते कळायला दोन दिवस लागले, पण त्यांनी तिला तिथूनच उचलून आणलं.

उंची साडेचार-पावणेपाच फूट, हाडं बारीक, आणि हात मात्र दुसऱ्याच कोणाचे बसवावेत एवढे मोठे. नखं दगडावर घासून कापलेली. उजव्या हातात बांगडी नाही. खर्ऱ्याची, म्हणजे चोळलेल्या तंबाखू-सुपारीची, भारी शौकीन, पण सोमवारी रात्रीपासून मंगळवारचं काम संपेपर्यंत खर्रा बंद, कारण बाईला वास जातो. गुरुवार-शुक्रवारीही तेच. "हप्त्यात चार दिस माह्या उपासच असते," म्हणायची. बुधवारी ती ज्या समाधानाने खर्रा चोळत बसायची, ते बघून मलाच तोंडाला पाणी सुटायचं.

मागची खोली तिची. एक लाकडी पलंग, एक स्टूल, एक पडदा, भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर, खाली शहाबादी फरशी. खोली तिची असूनही बाई आत असली की ती दारावर टकटक करून थांबायची. आतून आवाज आल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. मी एकदा हसले. म्हटलं, "तुमचीच खोली हाय ना."

"खोली माही हाय. आतली बाई माही नाई."

तिचं एक पालुपद होतं. हात म्हणजे पाहुणा. पाहुण्याने दारात उभं राहायचं, घरच्यांनी 'या' म्हटलं तर ओसरीवर बसायचं, आणि 'आता निघा' म्हणायची वेळ घरच्यांवर आणायचीच नाही. स्वयंपाकघरात डोकावणारा पाहुणा तिला अजिबात खपत नसे. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली तिचं काम नव्हतं. तिथलं काम डॉक्टरबाईंचं, आणि तेही विचारूनच. कपडे काढायचे नाहीत. पायाला तेल, पोटऱ्यांना तेल, तळहात, मान. पाठ चादरीवरूनच. यातून काय होणार, असं मला सुरुवातीला वाटे. पण सात-आठ खेपांनी बाईचा चेहरा बदललेला दिसायचा. शेवंताबाई म्हणायची, मालिश हे फक्त निमित्त. आपण थांब म्हटलं की हात थांबतो, एवढंच त्या अंगाला पुन्हा पुन्हा दाखवायचं असतं. ज्या अंगाने ते कधी पाहिलंच नाही, ते दगड नाही होणार तर काय?

आता बाईने थांब म्हणायचं कसं, हा खरा प्रश्न. शेवंताबाईचा तोंडाच्या शब्दावर विश्वास नव्हता. "बाईचं तोंड सासरी राहून राहून हाव म्हनाले शिकलं असते. तिले इचारलं, दुखते का, त नाई म्हनते. लावू का, त हाव म्हनते. तोंडाले सोड. हाताले इचार." म्हणून पालथं झोपलेल्या बाईच्या हातात ती एक वाटी द्यायची. हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडलेला, त्यात वाटी. नको वाटलं की बोलायचं नाही, मान हलवायची नाही, कारण सांगायचं नाही. फक्त बोटं सोडायची. वाटी फरशीवर पडली, आवाज झाला, की शेवंताबाईचे दोन्ही हात वर.

पहिली वाटी काशाची होती, तिच्या आईची, तळपायाला घासायची. पहिल्याच बाईने ती इतक्या जोरात टाकली की तिचे दोन तुकडे झाले. आईची वस्तू फुटली म्हणून कोणीही हळहळलं असतं. ही तुकडे हातात घेऊन डॉक्टरबाईंकडे पळत गेली, "फोडली बाई! फोडली तिनं!" म्हणत. मग पितळी वाटी आली. मी पाहिली तेव्हा तिचा काठ जागोजागी चेपलेला होता. नव्या बाईच्या हातात देताना शेवंताबाई मुद्दाम तो काठ तिला चाचपायला लावायची. म्हणायची, "पाह्य, तुह्या आंधी कितीकजनींनं टाकली."

आणि काम करताना ती भिंतीकडे बघायची. बाईच्या अंगाकडे नाही, तोंडाकडे नाही, हाताकडेही नाही. डोळेही हातच असतात, असं तिचं म्हणणं. पालथं झोपलेल्या माणसालाही आपल्याकडे कोणी बघतंय हे कळतं. म्हणून तिचं तोंड सगळा वेळ बुद्धाच्या तसबिरीकडे आणि कान फरशीकडे. हे नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

मला तिने पहिल्यांदा हात लावला तो माझ्या दुसऱ्या मंगळवारी. मागच्या खोलीत मदतीला येणाऱ्या प्रत्येकीने आधी स्वतः त्या पलंगावर झोपायचं, हा नियम होता. तिने वाटी माझ्या हातात दिली.

"बल्लारपूरवाली, पायाले हात लावू का?"

"लावा."

"नको वाटलं का टाकजो."

ती पाय चोळू लागली. मला नको होतं. गाडीची वेळ होत आली होती, आणि खरं सांगायचं तर मला कोणी पाय धरलेले आवडत नाहीत. तरी मी वाटी धरून राहिले. वयाने मोठी बाई माझे पाय धरते आहे, आता वाटी टाकली तर तिला काय वाटेल, दोन मिनिटांनी टाकू, पाच मिनिटांनी टाकू. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. अर्ध्या तासाने बोटं दुखायला लागली तेव्हा वाटी पडली. तिचे हात लगेच निघाले. मी घाईघाईने म्हटलं, "सुटली वो, टाकली नाई."

शेवंताबाई तेल पुसत होती. म्हणाली, "सुटली का टाकली, हे इचारायचंच नाई. कोनाले बी नाई. आवाज आला, हात काढला. झालं." आणि मग जरा थांबून, "तुले अर्धा घंटा लागला. तू त शिकलेली. घे समजून."

मी समजून घेतलं असं मला वाटलं होतं.

तिचा दुसरा नियम मला जास्त जड गेला. दवाखान्यातली बाई बाहेर दिसली तर ओळख दाखवायची नाही. बाजारात, बसस्टँडवर, लग्नात, कुठेही नाही. तिने हाक मारली तर 'ओ' द्यायची, नाहीतर आपण भाजीवालीला भाव विचारायचा. "तिच्याबरोबर सासू असते, नंदा असते. तू हासली, का त्या इचारतीन, हे कोन होय वं? मंग ते काय सांगन?" एकदा मी आणि ती बाजारात वांगी घेत होतो. समोरून जी बाई आली ती आदल्याच दिवशी या खोलीत पाऊण तास रडली होती. शेवंताबाईने तिच्या अंगावरून नजर अशी सरळ नेली की मलाच वाटलं, हिला दिसत नाही की काय. लोक तिला गर्विष्ठ म्हणायचे. कोणाच्या घरी लग्नाला नाही, बारशाला नाही. कोणी लुगडं आणून दिलं तर परत. कोणी 'माय' म्हणू लागली तर म्हणायची, "माय नको मनू. मायले वाटी टाकता येत नाई."

भद्रावतीच्या कॉलनीतला एक नवरा आठवतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बायकोला पुढे घालून आला आणि म्हणाला, "बाई, हिले जरा सुदी करून द्या. मी इथीच उभा राह्यतो." शेवंताबाईने त्याला स्टूल दिलं, तेही गल्लीत. मग बायकोला विचारलं, तू आली का आणली? बायकोने दाराकडे पाहिलं. शेवंताबाईने तिला पाणी दिलं आणि परत पाठवलं. तो चिडला. सव्वा तास बस करून आलो म्हणे. जाताना विचारलं, निदान ती काय बोलली ते तरी सांगा.

"तुमची बायको होय. तिलेच इचारा."

"ते सांगत नाई म्हून त इथी आनलं!"

"मंग मले काऊन सांगन?"

तीन महिन्यांनी ती बायको एकटी आली. एकूण नऊ खेपा आली. शेवटच्या खेपेला हसत हसत सांगत होती की तिने घरीही पलंगापाशी वाटी ठेवली आहे. नवरा आधी हसला, मग चिडला, मग दोन दिवस बोलला नाही. "आता म्हनते, ह्या वाटीचं मी काय करू? म्या म्हनलं, तुमी काई नोका करू. आयका फकस्त." शेवंताबाई त्या दिवशी बुधवार नसूनही खर्रा खाईल की काय असं मला वाटलं, इतकी ती खूश होती.

आता ते सांगते.

डिसेंबरचे दिवस होते. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण तिथली थंडीही काही कमी नाही. सकाळी शहाबादी फरशी पायाला चावायची. खेड्यातून येणाऱ्या बायका चपला दाराबाहेर काढून अनवाणी आत येत आणि पाय आखडून उभ्या राहत. मला ते बघवेना. डॉक्टरबाईंच्या माळ्यावर एक जुनी जाड सतरंजी होती. मी ती झटकली, दोन दिवस उन्हात टाकली, आणि एका मंगळवारी सकाळी पलंगाखालून सगळ्या खोलीभर अंथरली. शेवंताबाई आली, पाय ठेवून म्हणाली, "वा वं बल्लारपूरवाली. गरम हाय." मला बरं वाटलं.

दोन आठवडे वाटी पडल्याचा आवाज आला नाही. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात ते आलं नाही. उलट दुसऱ्या शुक्रवारी सकाळी शेवंताबाई मला म्हणाली, "आजकाल बाया भेत नाई. आपला हात बसून राह्यला वाट्टे."

त्याच दिवशी दुपारी गडचिरोलीकडून एक बाई आली. तिचं नाव सांगणार नाही, त्या खोलीतली नावं बाहेर जात नाहीत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, तलावात मासे धरणाऱ्या घरातली, लग्नाला आठ वर्षं झालेली. तिची ती तिसरी खेप. मी पडद्याच्या अलीकडे तेल गरम करत होते. शेवंताबाईने पायाला विचारलं, ती हाव म्हणाली. पोटऱ्यांना विचारलं, हाव म्हणाली. पाठीला हात ठेवू का, ती हाव म्हणाली. सगळं नेहमीसारखं झालं. पाऊण तासाने शेवंताबाई हात पुसत म्हणाली, "झालं. ऊठ हळूहळू."

बाई उठली, पदर नीट केला, केस बांधले. शेवंताबाई वाटी घ्यायला वळली तर बाईचा हात रिकामा. शेवंताबाई वाकली. वाटी पलंगाखाली सतरंजीवर पडली होती. मी पडद्यातून आत आले तेव्हा ती तशीच वाकलेली होती.

"हे कवा पडली?"

बाई चपलांकडे बघत होती. "म्या त टाकली होती. पाठीले हात लावला तवाच."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी म्हनलं होतं ना, सांगायचं काम नाई." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं ती सांगत होती. "तुमचा हात चालूच होता. मले वाटलं, इथी बी तसंच असते."

तिने चपला घातल्या आणि ती गेली. ती परत कधीच आली नाही.

शेवंताबाईने मला एवढंच विचारलं, "सतरंजी कोनं टाकली?"

"मी."

"काऊन?"

"थंडी होती म्हणून."

"बरं," ती म्हणाली. तिने सतरंजीची घडी घातली. एकटीनेच घातली, मी दुसरं टोक धरायला गेले तर म्हणाली, राहू दे. मग हात धुतले. खूप वेळ धुतले. मला काय वाटलं असं कोणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. मी बर्नर बंद केला. तेल ओतून ठेवलं. गाडीला वेळ होता म्हणून बाहेर जाऊन बसले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अपघात आहे, शेवंताबाई. तुम्ही काही वाईट केलं नाही."

"ते मले माहीत हाय, बाई. पन तिले माहीत नाई ना."

मग तिने मला वही काढायला लावली. तिला सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून मागच्या खोलीची वही मी लिहीत असे. ती सांगत गेली, "लिह. वाटी पडली. आयकू आली नाई. हात चालू राह्यला." मी तेवढं लिहिलं आणि पुढे लिहू लागले, सतरंजी अंथरली असल्यामुळे. तिने विचारलं, काय लिहिते? मी वाचून दाखवलं.

"सतरंजीचं नाव काट. सतरंजीले हात नसते."

मी खोडलं. त्या वहीत माझं नाव कुठेच नाही. तिने मला वाचवलं की माझा वाटाही माझ्याकडून काढून घेतला, हे मला कधी ठरवता आलं नाही.

त्या दोन आठवड्यांत अकरा बायका येऊन गेल्या होत्या. शेवंताबाईला प्रत्येकीला विचारायचं होतं, तुम्ही टाकली होती का? पण विचारायचं कसं? गावोगाव जाऊन दारात उभं राहायचं, तर सासू विचारणार, ही कोण? तिचाच नियम तिच्या आडवा आला. मी म्हटलं, एक डाव नियम मोडा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. ती वाट बघत बसली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. तेल लावणं बंद. त्या अकराजणींपैकी कोणी आली तर तेवढंच विचारायची आणि तिला डॉक्टरबाईंकडे पाठवायची. मार्चपर्यंत सहाजणी आल्या. त्यातल्या दोघी म्हणाल्या, हो, टाकली होती, उठताना उचलून पलंगावर ठेवली. एक म्हणाली, आठवत नाही. उरलेल्या पाच आल्याच नाहीत.

मार्चमधल्या शेवटच्या शुक्रवारी, कायमची गावी परत जायला निघताना, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बल्लारपूरवाली, डोक्यावर हात ठेवू का?"

मी हाव म्हटलं. तिने हात ठेवला. तो मोठा, तेलाने मऊ झालेला हात. बाकीच्या बायका ज्याच्यासाठी गडचिरोलीहून बस बदलत येत. मी वाट बघत होते की आता मला काहीतरी होईल, रडू येईल, निदान लाज वाटेल. काही झालं नाही. केसांवर वजन जाणवलं आणि ते निघून गेलं. ती म्हणाली, "जातो मंग." वाटी खिडकीत ठेवून गेली.

ती गेल्यावर मागची खोली माझ्याकडे आली. मी तिच्यासारखीच टकटक करते, विचारते, वाटी देते. फरशी उघडी ठेवते, थंडीतही. मी भिंतीकडे बघत नाही. मी वाटीकडे बघते. तेवढा एकच फरक. त्या मासेवाल्या घरातल्या बाईला मी एकदा गडचिरोलीच्या बसस्टँडवर पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर सरळ पुढे नेली आणि फलाटावरची पाटी वाचत राहिले. तो नियम होता की माझी भीती, कोण सांगणार.

पाच-सहा वर्षं गेली. मग कळलं की शेवंताबाईला लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मी वाटी पिशवीत टाकली आणि निघाले. चंद्रपूरहून गडचिरोली, तिथून धानोऱ्याची बस, पुढे तीन किलोमीटर पायी.

घर स्वच्छ होतं. अंगण सारवलेलं, आत बाजेवर शेवंताबाई. आणखी बारीक झालेली, हात तेवढेच. सून चांगली होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माझ्यासमोर तिने सासूला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, लुगडं सारखं केलं, तोंडात चमच्याने पेज घातली. सगळं प्रेमाने, पटपट, आणि एकदाही न विचारता. शेवंताबाई भिंतीकडे बघत होती.

"बाई," सून म्हणाली, "तुमी त मायजवळच शिकल्या मनते. जराशी मालिश करून द्या ना. पाय आखडून राह्यले तिचे."

मी बाजेजवळ बसले. पिशवीतून वाटी काढली. शेवंताबाईने ती ओळखली की नाही, मला कळलं नाही. तिचा डावा हात चालत होता. मी वाटी तिच्या जवळ नेली, तिने बोटांनी धरली. हात बाजेखाली लोंबला. मी खाली पाहिलं. सारवलेली जमीन, मऊ. मी सुनेला म्हटलं, "एखादी परात द्या."

"परात? कायले?"

"द्या ना."

तिने पितळी परात आणली. मी ती शेवंताबाईच्या हाताखाली पालथी घातली. मग तिच्या तोंडासमोर जाऊन, तिला ऐकू येईल असं म्हटलं, "शेवंताबाई, पायाले हात लावू का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी थांबले. मला अर्धा तास लागला होता, तिला लागला असता तरी मी थांबले असते. बाहेर कोणीतरी मोहफुलं वाळत घालत होतं, सूप झटकल्याचा आवाज येत होता.

वाटी पडली. परात एवढी वाजली की दारातली कोंबडी पळाली.

"सुटली वाट्टे," सून लगबगीने वाकली. "धरताच नाई येत तिले काई. थांबा, मी देतो हातात."

"नका देऊ," मी म्हटलं.

"अवो, पन तिनं टाकली नाई. सुटली."

"हो. असेल."

सुनेला काही उमगलं नाही. ती वाटी माझ्याजवळ ठेवून चहा टाकायला आत गेली. माझी बस चारला होती, अजून दोन तास होते. मी हलले नाही. मला रडू आलं. इतक्या वर्षांनी आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत, कारण पुसायला हात उचलावा लागला असता. शेवंताबाई बघत होती. तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे. दोन्ही हात मांडीवर आहेत हे तिने नीट पाहिलं, आणि मग डोळे मिटले.